पटलेजींची चाळणी

आमगावच्या स्टेशन रोडवर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, जातीचा दाखला, परीक्षेचे फॉर्म, लग्नाचा बायोडाटा, सगळं होतं. पुस्तक मात्र मी बारावीनंतर हातात धरलेलं नाही आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. तरीही ई-पुस्तकांबद्दल माझ्याइतकं ऐकून घेतलेला दुसरा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात सापडायचा नाही. कारण मुन्नालाल पटले रोज माझ्या दुकानात येऊन बसतात.

पटलेजींनी तीस वर्षं राइस मिलमध्ये काढली आणि त्या तीस वर्षांत काम एकच केलं, निवडायचं. अख्खा तांदूळ इकडे, कनकी तिकडे, खडा बाहेर. आधी चाळण्या होत्या, मग रंग पाहून दाणा उडवणारी मशीन आली. तीही यांच्याच ताब्यात. मिल सुटली तशी घरात बसवेना. घरातली डाळ निवडून झाली, खिळे-स्क्रू निवडून झाले. मग सूनबाईचे मसाल्याचे डबे निवडायला गेले, तेव्हा मुलानं घाईघाईनं नागपूरहून स्वतःचा जुना लॅपटॉप आणून दिला.

त्यावर त्यांनी इंटरनेटवरची जुनी, फुकट मिळणारी पुस्तकं उतरवायला सुरुवात केली. धानाचे रोग, घरगुती औषधं, किल्ले, पाककृती, घोड्यांची निगा. घोडा आमगावात फक्त वरातीत दिसतो, पण पटलेजींकडे घोड्यांवर सहा पुस्तकं आहेत. मग कुणीतरी त्यांना ई-पुस्तकं लावून ठेवणारं एक सॉफ्टवेअर दाखवलं आणि म्हाताऱ्याला जणू नवी मिल मिळाली. हजारो पुस्तकं त्यात टाका, ते लेखकाप्रमाणे, विषयाप्रमाणे लावून देतं. एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात बदलून देतं, म्हणजे त्यांच्या टॅबवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. आणि एकच पुस्तक दोनदा आलं असेल तर तेही शोधून पुढ्यात ठेवतं. हा शेवटचा गुण पटलेजींना सर्वांत प्यारा होता.

"उमेंद्र, हे पाय. तीनशे डबल होते. साफ केले," असं ते मला सांगत, आणि चेहरा असा की तीनशे पोती उतरवून आले.

"पण वाचता कवा पटलेजी?"

"वाचनारा येईन ना. माल तयार पायजे."

वाचणारा काही येईना. सातबारा काढायला आलेल्या माणसाला ते धानाच्या करप्यावरचं पुस्तक देऊ करत. तो म्हणे, "करपा वावरात आहे काका, पुस्तकात पाहून काय करू?" बारा वर्षांत चार हजार दोनशे पुस्तकं झाली आणि मागणारं गिऱ्हाईक एकही नाही. मी यावरून त्यांची पुष्कळ चेष्टा केली. ते हसत, पण एखाद्या दिवशी हसत नसत, आणि मग मला चहा मागवावा लागे.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते घरचंच. त्यांची मोठी बहीण गीताबाई, फुलचूरला मुलाकडे, भोजराजकडे राहते. गीताबाई म्हणजे आमच्या पोवारांच्या लग्नातली गाणारी बाई. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक दस्तुराचं पोवारी गाणं तिला यायचं. वय झालं तशी एखादी ओळ निसटायला लागली, म्हणून तिनं सगळी गाणी सात वह्यांत उतरवून ठेवली. मग डोळेच गेले म्हणा ना. मोतीबिंदू काढला, पण पडदा कमजोर निघाला. समोरचा माणूस दिसतो, वहीतलं अक्षर दिसत नाही. आणि वैशाखात भोजराजच्या रिंकीचं, म्हणजे नातीचं लग्न ठरलेलं.

"मुन्ना, दुनियाच्या लग्नात मी गायली," ती फोनवर म्हणाली. "माह्या रिंकीच्या लग्नात तोंड बंद करून बसू का गा?"

पटलेजींनी तिथल्या तिथे शब्द दिला. लग्नाच्या आत सगळी गाणी टॅबवर, बोटाएवढ्या अक्षरात.

हाताची अक्षरं मशीनला वाचता येईनात, म्हणून टाइप करणं आलं. तीन वह्या त्यांनी घेतल्या, चार माझ्या गळ्यात मारल्या. मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण तोवर वह्या काउंटरवर होत्या. महिनाभर मी फॉर्म भरता भरता नवरदेवाच्या मामाची टिंगल टाइप करत होतो. गाणी जबरी होती, हे कबूल करतो. शेवटी एकशे चौसष्ट गाणी सॉफ्टवेअरमध्ये गेली, प्रत्येक गाणं वेगळं, पहिली ओळ हेच त्याचं नाव.

दुसऱ्या दिवशी पटलेजी फुलून आले. "बाईनं एकतीस गाणे दोनदा लिहिले होते. सारखे नाव, सारखी चाल. जुन्या वहीतून नव्या वहीत उतरवले असन. एक-एक ठेवलं, एक-एक उडवलं. एकशे तेहतीस राहिले, पन चोख."

मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण त्यांच्या तीन वह्या मी पाहिल्या नव्हत्या, माझ्या चार त्यांनी पाहिल्या नव्हत्या. आणि खरं सांगायचं तर मला त्या गाण्यांचा कंटाळा आला होता.

लग्न फुलचूरला, दुपारचं. वरात कोहमाऱ्याची, पुढे हा एवढा डीजे. टॅब गीताबाईला आदल्या दिवशीच दिला होता. तिनं हळदीची गाणी त्यातूनच म्हटली, एकदाही अडखळली नाही. दोन वर्षांनी अक्षर दिसत होतं, त्या आनंदात ती टॅब खालीच ठेवेना. पटलेजी मांडवात असे फिरत होते की नवरीचा बाप कोण, असा पाहुण्यांना प्रश्न पडावा.

वरात दाराशी आली, डीजे थांबवला आणि गीताबाईनं पाहुण्यांना टोमणे मारायचं गाणं काढलं. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीत ती म्हणाली की मांडव एवढा ठेंगणा, की नवरदेवाचा फेटा अडकला. तिसऱ्या ओळीत, वरण एवढं पातळ की त्यात आपलंच तोंड पाहून घ्यावं.

मांडव भोजराजचा. वरणही भोजराजचं. भोजराज हातात तांब्या घेऊन तसाच उभा राहिला आणि कोहमाऱ्याचे वऱ्हाडी पोट धरून हसायला लागले.

मी पटलेजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. माझ्याही डोक्यात तेव्हा उजेड पडला. ती गाणी दोनदा लिहिलेली नव्हतीच. जोडीची होती. एक वरपक्षानं म्हणायचं, एक वधूपक्षानं. चाल एक, पहिली ओळ एक, पुढे सगळं उलट. माझ्या वह्यांत वरात रोडकी होती, घोडी उसनी होती, मामा पंगतीत झोपला होता. यांच्या वह्यांत मांडव ठेंगणा. पटलेजींनी एकतीस वेळा नवरीची बाजू उडवून नवऱ्याची बाजू चोख ठेवली होती.

गीताबाई चौथ्या ओळीवर थांबली. टॅब डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग भावाकडे पाहिलं. मला तिची फार कीव आली, आणि आमच्या दोघांची लाजही वाटली. एवढ्या वर्षांचं तिचं नाव आम्ही भर मांडवात घालवलं होतं.

"बाई, आमचं काम तुम्हीच करून राहिल्या," नवरदेवाची आत्या, कोहमाऱ्याला धाबा चालवणारी सुलोचनाबाई, हसत म्हणाली. "बरं झालं. आमच्याकडे आता कोनाले येत नाई. डीजेच आहे."

गीताबाईनं एक क्षण तिच्याकडे पाहिलं. मग उठली, चार पावलं चालत पलीकडे गेली आणि टॅब तिच्या हातात ठेवला.

"हे तुमचं होये. धरा. मोठ्या अक्षरात आहे. तुम्ही म्हना."

"अन् तुम्ही?"

"तुम्ही म्हना तं खरं."

सुलोचनाबाईच्या भोवती कोहमाऱ्याच्या पाच-सहा पोरी-बाया गोळा झाल्या. आधी वाचल्यासारखं, मग चाल धरून त्यांनी ठेंगण्या मांडवाची ओळ म्हटली. ती संपायच्या आत गीताबाईनं उत्तर दिलं. रोडकी वरात. त्यांनी वरणाची ओळ म्हटली, हिनं उसनी घोडी आणली. कागद नाही, टॅब नाही. समोरून ओळ आली की हिची ओळ तयारच. मामा पंगतीत झोपला तेव्हा नवरदेवाचा खरा मामा खुर्चीतून उठून तिच्या पाया पडला. मुहूर्ताची वेळ टळून गेली, भटजी चिडले, कुणी त्यांना विचारलं नाही. दोन्ही बाजूंनी गाणं झालेलं लग्न मी तरी पंधरा वर्षांत पाहिलं नव्हतं.

पटलेजी मांडवाच्या खांबाला टेकून रडत होते. मी त्यांना रुमाल दिला. तो त्यांनी परत केलेला नाही.

सोमवारी ते लॅपटॉप घेऊन दुकानात आले. माझ्या कॉम्प्युटरवर उडवलेली एकतीस गाणी तशीच होती. पाच मिनिटांत परत टाकली, आणि या वेळी त्यांनी प्रत्येकापुढे बाजू लिहिली. सॉफ्टवेअरनं इमानदारीत पुन्हा सांगितलं की एकतीस नोंदी सारख्या दिसतात. पटलेजींनी ती खिडकी बंद केली.

गीताबाईला फोन लावून सांगितलं, आता तुझी बाजूही टाकली. ती म्हणाली, "तिकडून कोनी म्हनलं तं मले आपोआप आठवते. नुसतं वाचून नाई." आता दुपारची कामं आटोपली की कोहमाऱ्याहून सुलोचनाबाईचा फोन येतो. ती टॅबवरून एक ओळ म्हणते, ही फुलचूरहून उत्तर देते. रिंकी तिकडे सासरी बसून दोन्ही ऐकते.

टॅब अर्थातच वरातीबरोबर गेला, आणि त्याच्यासोबत चार हजार दोनशे पुस्तकंही. परवा सुलोचनाबाईनं पटलेजींना विचारलं, घरगुती औषधांचं ते पुस्तक कुठं आहे, शेजारणीला पाहिजे. त्याआधी तिच्या धाब्यावर येणाऱ्या एका ड्रायव्हरनं घोड्यांचं वाचायला घेतलं होतं म्हणे.

मी म्हटलं, "पटलेजी, टॅब मागून घ्या. तुमचा आहे तो."

"कायले?" ते म्हणाले. "वाचून राहिले ना लोक."