अर्ज मागे घेण्याची सोय

"झालं" या शब्दावर नानांचा विश्वास नव्हता. रोह्याच्या ज्या कारखान्यात ते कंत्राटी मेंटेनन्सवर होते, तिथे कुणी येऊन "नाना, झालं" म्हणालं की ते हातातली पक्कड खाली ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "झालं म्हंजे काय झालं?" पंखा बसवून झाला म्हटलं, तर बटण दाबून बघत, फिरला, तर बंद करून बघत, आणि बंद झाला, की पुन्हा एकदा लावून बघत. कॅन्टीनवाल्याने साखर घातली म्हणून शपथ घेतली तरी चमचा फिरवून तळ पाहिल्याशिवाय चहाला तोंड लावत नसत. लोक वैतागायचे. सर्वांत जास्त वैतागायचो मी.

याचं मूळ त्यांनीच एकदा सांगितलं होतं. राहायला ते कासूला, पण त्यांचे वडील धरमतरच्या खाडीवर मिठागरात राबलेले. मिठागराच्या बांधात भरतीचं पाणी अडवायला फळ्यांचं दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. "बाबानं इचारला, उघाडी लावली काय? गडी बोलला, झालं. बाबा झोपला. भरती आली नि म्हयन्याभराचा मीठ खाडीत परत गेला," असं सांगून नाना हसले होते. "तवापासून आमच्या घरात कुनी झालं बोलला की दोगं उठून बघाया जातात."

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती कामामुळे. मी पेणचा. आमच्या घराखाली गणपतीचा कारखाना आहे, त्यामुळे वर्षातले आठ महिने माझ्या कीबोर्डवर प्लास्टरची पांढरी भुकटी असते. त्याच खोलीत बसून मी एका छोट्या कंपनीसाठी फर्मवेअर लिहितो. संगणकाचं बटण दाबल्यावर, पडद्यावर काहीही यायच्या आधी, जो छोटा प्रोग्राम जागा होतो तो म्हणजे फर्मवेअर. आमच्या कंपनीने रोह्याच्या त्या कारखान्याला चाळीस संगणक दिले होते. त्यांच्यात डिस्क नव्हती. चालू झाले की ब्राउझर जसा वेबसाइट मागतो, त्याच पद्धतीने ते सर्व्हरकडे स्वतःची सगळी सामग्री मागत आणि ती आली की कामाला लागत. हे मागण्याचं काम करणारा भाग लिहिला होता मी. मी तेव्हा स्वतःला फार हुशार समजत असे आणि भोवतालचे लोकही तसंच समजतील, याची मी काळजी घेत असे.

मशीन बसवायला गेलो तेव्हा नाना माझ्या मागेमागे होते. हे चालतं कसं, ते त्यांना समजून घ्यायचं होतं. मी जरा उपकार केल्यासारखंच समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे मशीन जागा व्हतंय नि अर्ज करतंय. पोच मिळते. मंग उत्तर येते. तहसीलवानीच की सायेब, फक्त हितं उत्तर येते." मी मनापासून हसलो. इतक्या कमी शब्दांत मलाही सांगता आलं नसतं. मग त्यांनी विचारलं, "आनि अर्ज मागं घ्यायचा असंल तर? मधीच लाईन गेली, नि मशिननं नवा अर्ज टाकला, तर पयल्याचा काय?"

"पहिला रद्द होतो," मी म्हणालो. "तशी सोय आहे."

"नुसता तोंडानं बोलून नाय चालत. टेबलावरचा कागुद उचलून आनायला लागतो. उचलतंय काय?"

"उचलतं हो, नाना."

उचलत नव्हतं. विनंती पाठवायची आणि उत्तर घ्यायचं, हे दोन भाग मी मन लावून लिहिले होते. रद्द करण्याचा भाग किचकट होता आणि मशीन द्यायची तारीख जवळ आली होती. म्हणून त्या जागी मी एकच ओळ टाकली होती: कुणीही विचारलं की 'सक्सेस' म्हणून सांगायचं. करायचं काहीच नाही. नंतर सवडीने लिहू, असं मनाशी म्हटलं होतं. तपासणीत ती ओळ सुटली, कारण तपासणाराही फक्त 'सक्सेस' आलं का तेवढंच पाहत होता. आणि तपासणाराही मीच होतो.

नाना मात्र पाहत राहिले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, तो त्यांच्या कामाचा भागही नव्हता. एक मशीन सुरू होत असताना ते मधेच केबल काढायचे, लावायचे, पुन्हा काढायचे आणि जे दिसेल ते जुन्या गेटपासांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून ठेवायचे. त्यांचं अक्षर मोठं होतं, शाळेतल्या फळ्यावर लिहितात तसं. एक दिवस त्यांनी सहा-सात गेटपास माझ्यासमोर ठेवले. प्रत्येकावर तेच होतं: पाच वेळा केबल काढली की सहाव्यांदा उत्तर येत नाही, पडदा काळा. "सायेब, जुनं अर्ज कुटंतरी साचतायत," ते म्हणाले.

त्यांनी बोट अगदी नेमक्या जागी ठेवलं होतं. मला ते त्याच क्षणी कळलं. "केबल नीट बसत नसेल, नाना," मी म्हणालो. ते गेटपास मी खिशात घातले आणि पेणला येऊन कचऱ्यात टाकले.

त्या वर्षी कारखान्यात दोन कंत्राटी माणसांना पर्मनंट करणार होते. यादीत नानांचं नाव होतं. सतरा वर्षं त्यांनी गेटवर दर महिन्याला नवा पास घेतला होता. पर्मनंट झाल्यावर फोटोचं कार्ड मिळतं, गळ्यात घालायचं. एरवी स्वतःबद्दल कधी न बोलणारा हा माणूस कार्डासाठी फोटो काढायला चांगलं दुकान कुठलं, हे मला दोनदा विचारून गेला. "कानाला जरा दाबून काढतील काय?" असंही विचारलं. त्यांचे कान मोठे होते.

मग ती सकाळ आली. पहिली शिफ्ट सुरू होताना पॅकिंग खात्यातली सगळी मशीन एकदम चालू झाली होती, आणि त्याच वेळी नाना नेटवर्कच्या डब्याची सैल झालेली पिन बसवत होते. त्यांनी पिन बसवली. बसली. मग सवयीप्रमाणे काढून बघितली, पुन्हा लावली, पुन्हा काढली. प्रत्येक खेपेला चाळीस मशिनांनी नवा अर्ज टाकला, आणि माझ्या त्या एका ओळीने जुना अर्ज मागे घेतल्याचं बिनदिक्कत सांगितलं. साचलेल्या अर्जांनी सर्व्हर तुंबला. चाळीस पडदे काळे झाले, ते दुपारपर्यंत काळेच राहिले. पॅकिंग थांबलं, ट्रकांची रांग गेटाबाहेर रस्त्यावर गेली.

चौकशीला मलाही बोलावलं. मॅनेजरने नानांना विचारलं, "पिन किती वेळा काढली?" नानांनी खरं सांगितलं, "पाच-सा वेळा असंल. बसली का ते बघत व्हतो." मग माझ्याकडे वळून मॅनेजरने विचारलं, "तुमच्या प्रोग्राममध्ये काही असू शकतं का?"

मी म्हणालो, "आमच्या टेस्टमध्ये तर सगळीकडे सक्सेस आहे."

यातला शब्दन् शब्द खरा होता. इतकं खरं बोलून इतकं खोटं मी त्याआधी कधी बोललो नव्हतो. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते गेटपासांचं काढणार. त्यांनी काढलं नाही. साहेब म्हणतायत तर तसंच असेल, असा चेहरा करून ते उभे राहिले. पर्मनंटच्या यादीतून त्यांचं नाव गेलं आणि पुढच्या महिन्यात पासही मिळाला नाही.

मला वाटलं, संपलं. पण आठ दिवसांनी नाना पेणला माझ्या घरी आले. भांडायला आले असतील म्हणून मी जिन्यातच सावरून उभा राहिलो. त्यांच्या हातात वही होती. "सायेब, माजी चूक कुटं झाली ती नीट समजावून सांगा," ते म्हणाले. "गेला ते गेला. पन कळला पायजे. नायतर परत करीन."

बोलायची ती वेळ होती. खोलीत आम्ही दोघंच होतो, खाली मूर्तींना पॉलिश करण्याचा खरखर आवाज चालू होता. मी म्हणालो, "केबल काढली की पुन्हा लावण्याआधी दोन मिनिटं थांबायला हवं होतं." असा कुठलाही नियम नाही. तो मी तिथल्या तिथे बनवला. नानांनी तो वहीत मोठ्या अक्षरांत लिहून घेतला, खाली रेघ मारली आणि मला नमस्कार करून गेले. त्याच आठवड्यात मी रद्द करण्याचा भाग पुरा लिहिला. फार तर दीड दिवसाचं काम होतं. कंपनीला कळवताना लिहिलं, किरकोळ सुधारणा.

दोन वर्षं गेली. नाना कासूत कॉम्प्युटर दुरुस्त करतात हे ऐकून होतो. ग्रामपंचायत, शाळा, दोन-चार दुकानं, अशी कामं. मागच्या मे महिन्यात पंचायतीतल्या ओळखीच्या माणसाने फोनवर सहज सांगितलं, "नाना केबल काढली की घड्याळ लावून दोन मिनिटं बसतात. आम्हालाही बसवतात. म्हणतात, पेणच्या सायबानं शिकवलाय." तो हसत होता. मी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडून कासूला गेलो.

नाना ओटीवर एक प्रिंटर उघडून बसले होते. मला पाहून त्यांना इतका आनंद झाला की माझं सांगणं आणखीच अवघड झालं. बायकोला, म्हणजे काकूंना, हाक मारून त्यांनी माझं पान मांडायला सांगितलं. मग मी सगळं सांगितलं. रिकामी ओळ, कचऱ्यात टाकलेले गेटपास, चौकशीतलं वाक्य, दोन मिनिटांचा नियम. मला वाटलं होतं ते उठून जातील, निदान आवाज चढवतील.

नानांनी हातातली पक्कड खाली ठेवली, चष्मा कपाळावर चढवला. मग म्हणाले, "म्हंजे मी बरोबर बघितला व्हता?"

"हो."

"अर्ज साचत व्हतं?"

"हो, नाना."

"मंग तेवडा कागदावर लिवून द्या." मी म्हणालो, कंपनीला आजच कळवतो. त्यांनी हात हलवला. "कंपनीला कळवा नायतर नको. तो मॅनेजरबी गेला. मला लिवून द्या." मी खिशातून पेन काढलं आणि सवयीने सुरुवात केली की प्रणालीत एक त्रुटी आढळून आली होती. नानांनी वाकून वाचलं. "यात मी कुटं हाय? नि तुमी कुटं हाव?" मी तो कागद फाडला आणि लिहिलं: नानांची चूक नव्हती. चूक माझी होती. नानांनी ती आधीच दाखवली होती. खाली सही केली.

काकू ताट घेऊन बाहेर आल्या, तेव्हा नानांनी कागद त्यांच्यापुढे धरला. "वाच गो." त्यांनी ताट खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि एकेक शब्द मोठ्याने वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. "दोन वरसं ह्यो मानूस मला सांगत बसलाय, माजीच चूक," त्या माझ्याकडे पाहत म्हणाल्या. "मंग तुमी तवा बोललाव का नाय?"

"जाऊ दे गो, जेवू दे त्यांना," नाना म्हणाले.

पण त्या उत्तरासाठी थांबल्या होत्या. नोकरी जाईल अशी भीती होती, असं सांगता आलं असतं, आणि त्यांना ते पटलंही असतं. पण माझी नोकरी जाणार नव्हती. चूक सुधारा, एवढंच आमचे साहेब म्हणाले असते. फक्त त्या खोलीत पाच-सहा माणसांसमोर मला खाली बघावं लागलं असतं.

"लाज वाटली," मी म्हणालो.

"एवड्यापायी?" काकूंनी विचारलं.

मी हो म्हणालो. त्यांनी माझ्या पानात भात वाढला.