लाल चांदणी

गजाभाऊ गेल्याचं मला गजाभाऊंच्याच फोनवरून कळलं. रविवारची सकाळ होती, गॅसवर चहा चढवलेला, आणि शाळेच्या ग्रुपवर त्यांच्या नावानं मेसेज आला : ‘सूचना. सर्व शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारी यांना कळविण्यात येते की...’ न उघडता एवढंच दिसत होतं. माझं डोकंच फिरलं. रविवारी तरी या माणसाला चैन नाही का, आता कुठली माहिती उद्या अकरापर्यंत पाठवायची राहिली, असं पुटपुटत मी फोन उलटा ठेवला आणि निवांत चहा घेतला. चांगला दोन कप घेतला. मग उघडून बघते तर पुढे लिहिलं होतं : ‘...आपले लिपिक गजाभाऊ हे आज पहाटे राहत्या घरी वारले आहेत. अंत्यविधी सकाळी दहा वाजता आहे. तरी सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे. आपला विश्वासू.’ खाली नाव नव्हतं. पण बोटं कोणाची ते मला लगेच कळलं. त्यांच्या घरी राहणाऱ्या सोळा वर्षांच्या जयेशला दुःख कसं लिहायचं ते कोणी शिकवलं नव्हतं. त्याला सूचना लिहिता येत होती, ती त्यानं लिहिली.

त्याला आता सात आठवडे झाले. ते दोन कप चहा अजून माझ्या घशात अडकलेत.

डोळखांबच्या रस्त्यावरच्या आमच्या शाळेत मी गणित शिकवते आणि गजाभाऊ ऑफिस सांभाळायचे. मी तापट. पोरं माझ्यामागे मला ‘फूटपट्टी’ म्हणतात, आणि मला ते ठाऊक नाही असं त्यांना वाटतं. गजाभाऊ याच्या अगदी उलटे. वीस-बावीस वर्षं त्यांनी शाळेचं जनरल रजिस्टर हातानं लिहिलं. खाडाखोड नाही, शाईचा डाग नाही. एखाद्या आईला पोराची जन्मतारीख आठवत नसली तर ‘भाताची लावणी झालेली का तेव्हा? मागल्या वर्षी पूर आलेला का?’ असं विचारत विचारत ते तारखेपर्यंत पोचायचे. मग सगळंच ऑनलाइन झालं आणि या माणसाचे हातपाय गळाले. कॉम्प्युटरसमोर बसले की कोंबडी दाणे टिपते तसे एका बोटानं टकटक करायचे, आणि पान गायब झालं की खुर्ची मागे सरकवून म्हणायचे, “बाई, मी कायपण नाय केलं हां.” आम्ही खूप हसायचो. त्यांना रात्र रात्र झोप लागत नव्हती हे त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, मला फार नंतर सांगितलं.

जयेश त्यांच्याकडे कसा गेला ते सांगायलाच हवं, कारण त्याला मीच पाठवला. डोळखांबच्याही पुढच्या पाड्यावरचं पोर, आठवीत होतं. आईबाप दिवाळी झाली की वीटभट्टीवर. गणिताच्या तासाला हा खिडकीबाहेर बघत बसायचा. काही विचारलं की उभा राहायचा आणि पायाच्या अंगठ्याकडे बघायचा. एक दिवस माझा पारा चढला. म्हटलं, जा, ऑफिसच्या दारात उभा राहा. तास संपल्यावर मी गेले तर हा आत प्रिंटर उघडून बसलेला, आणि गजाभाऊ बाजूला टॉर्च धरून उभे. तीन दिवस बंद पडलेला प्रिंटर त्या दुपारी चालू झाला. दुसऱ्या दिवशी वर्गात तो पुन्हा तसाच गप्प उभा राहिला, मी पुन्हा बाहेर काढला, आणि गजाभाऊंनी पुन्हा ठेवून घेतला. पुढं पुढं तर मी हजेरी घेतानाच त्याच्याकडे बघायचे आणि तो आपण होऊन उठायचा. वर्गाला शांतता मिळाली, ऑफिसला माणूस मिळाला, पोराला कॉम्प्युटर मिळाला. सगळे खूश. गणित तेवढं राहिलं... दोन वर्षं राहिलं.

‘लाल चांदणी’ हा शब्द त्या ऑफिसातलाच. ऑनलाइन फॉर्ममध्ये जो रकाना भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही त्याच्या डोक्यावर लाल रंगाची बारीक खूण असते. गजाभाऊ तिला चांदणी म्हणायचे. “याला चांदणी हाय, सोडता यायचा नाय.” शब्द गावात पसरला. जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, पोलीसभरती, कॉलेजप्रवेश, काय म्हणाल ते काम घेऊन लोक यायचे आणि आधी विचारायचे, “जयेश, चांदण्या किती रे याला?” नववीतलं पोर मोठ्या मोठ्या माणसांना शांतपणे सांगायचं की फोटो मोठा झालाय, लहान करून देतो, किंवा आधारवर नाव वेगळं आहे, ते आधी बदला. त्याच्या हातून फॉर्म भरून आमची किती पोरं कुठं कुठं लागली. म्हाताऱ्या बायका जाताना त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडायच्या.

गजाभाऊंना तर आभाळ ठेंगणं झालं होतं. मला म्हणायचे, बघाच तुम्ही, याला कंपनीवाले घरातून उचलून नेतील. मी म्हणायचे, कुठली कंपनी, आणि ती पहिल्यांदा काय मागेल ते तरी विचारा. यावर ते हसायचे. मी म्हणायचे, हा दहावीला गणितात आपटणार, तेव्हा हसा. पण नुसतंच म्हणायचे. त्याला बाहेर काढणं काही मी थांबवलं नाही. माझ्या हातून झालेलं हे पाप आहे, आणि ते इथं लिहिल्यानं हलकं होणार नाही हेही मला माहीत आहे.

दहावीला शाळेकडे वीस अंतर्गत गुण असतात. बाकीच्या शाळा ते कसे उधळतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी उधळत नाही, त्याचा मला अभिमान होता. जयेशला मी सात दिले. गुण ऑनलाइन भरायच्या दिवशी गजाभाऊ मधल्या सुट्टीत माझ्याकडे आले, आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, “बाई, सात हायेत. चुकून सतरा पडलं तर... माझी नजर अधू झालीय, सगल्यांना म्हाईत हाय.” मी त्यांना असं काही बोलले की ते इथं लिहिता येणार नाही. बावीस वर्षं रजिस्टरात खाडाखोड न केलेला माणूस मान खाली घालून निघून गेला. संध्याकाळी छापील यादी सहीला आली. मी आकडे बघितले नाहीत, कधीच बघत नाही. खाली सही ठोकली. ती यादी भरायला कॉम्प्युटरवर कोण बसलं असेल, हा विचारही माझ्या मनात आला नाही.

लेखीत त्याला एकोणीस पडले. एकोणीस नि सात, सव्वीस. पस्तीस लागतात, म्हणजे नऊ कमी. सतरा असते तर पोरगा पास होता, हा हिशोब निकालाच्या दिवशी गजाभाऊंनीही केला असणार. पण त्यांनी तो मला कधी बोलून दाखवला नाही.

मग सुरू झालं वणवण फिरणं. गजाभाऊ त्याला एसटीनं मुरबाडला घेऊन गेले, आयटीआयच्या चौकशीला. खिडकीतल्या माणसानं सरळ सांगितलं की वेल्डरला दहावी नापास चालतो, कॉम्प्युटरला पास लागतो. ते बोलत असतानाच त्याचा कॉम्प्युटर अडकला आणि मागे रांग खोळंबली. जयेशनं खिडकीच्या बाहेरूनच सांगितलं, कुठलं बटण दाबायचं ते. चालू झाला. माणूस भला होता, त्यानं पोराला शाबासकी दिली, आणि मग म्हणाला, पुढचा. कल्याणच्या एका ऑफिसात नुसतं टायपिंगचं काम होतं, ते अर्जही ऑनलाइनच घेत होते. ‘दहावी उत्तीर्ण झाल्याचे वर्ष’ या रकान्यावर चांदणी. तिथं बसून हा दुसऱ्यांचे शेकडो अर्ज भरू शकला असता, पण स्वतःचा एक त्याला पुढं सरकवता येईना. शेवटी मुरबाडलाच ऑनलाइन फॉर्म भरून देणारा एक दुकानदार तयार झाला. पडद्याच्या मागे बसायचं, गिऱ्हाइकाशी पुढं मी बोलेन, कागदावर कुठं नाव नाही. जयेश तयार होता. गजाभाऊंनी त्याला हाताला धरून उठवलं आणि बाहेर आणलं.

त्याच संध्याकाळी ते दोघं शहापूरला माझ्या दारात आले. मी चपापलेच. गजाभाऊ आत आले नाहीत, पायरीवर बसले. म्हणाले, “पोराला मी एकदा आडोशाला बसवलाय, बाई. माझ्या सोयीसाठी बसवला. आता परत नाय बसवनार.” मग म्हणाले, “तुमी याला गणित शिकवा. वर्गाबाहेर काढायचा नाय मात्र. मी दारातच बसतो.” आणि खरंच बसले की! दर रविवारी दोघं यायचे. हा आत, मी आत, आणि गजाभाऊ पायरीवर पाठ टेकून. मी आवाज चढवला की बाहेरून खाकरायचे. कधी काकड्या आणायचे, कधी नाचणीचं पीठ. ‘फी’ म्हणायचे त्याला. जुलैच्या फेरपरीक्षेत लेखीला चोवीस पडले. अंतर्गत गुण जुनेच राहिले. माझे सात त्याच्या पायात अडकले ते अडकलेच. चार कमी पडले. आता लेखीत अठ्ठावीस काढल्याशिवाय सुटका नाही.

दिवाळीनंतर आईबाप भट्टीवर गेले आणि जयेश गजाभाऊंच्याच घरी राहायला आला. मार्चच्या परीक्षेचा फॉर्म भरायच्या दिवशी गजाभाऊंनी त्याला खुर्चीवरून उठवला. सगळ्यांचे फॉर्म तू भरतोस, तुझा मी भरणार, म्हणाले. एका बोटानं टकटक करत अख्खी दुपार घालवली. जयेश मागे हात बांधून उभा. मोबाइल नंबरच्या रकान्यावर चांदणी होती. भट्टीवर गेलेल्या बापाचा नंबर कधी लागतो, कधी नाही. गजाभाऊंनी बेधडक आपला नंबर टाकला. वर म्हणाले, मी कुठं जातोय? त्यानंतर तीन आठवड्यांनी गेले.

तेरावं झालं. पुढच्या रविवारी कोणी येणार नाही असं धरून मी कपडे भिजवून ठेवले होते. दहाला दार वाजलं. वही घेऊन जयेश, आणि त्याच्या मागे वहिनी. इतक्या वर्षांत त्या माझ्याकडे कधी आल्या नव्हत्या. आत बोलावलं तर नको म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या, भिंतीला टेकून, तिथंच. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गजाभाऊंचा फोन. परीक्षेचा काय तो निरोप यावर येणार आहे असं जयेशनं सांगितलंय, म्हणून त्या तो रोज चार्ज करतात, झोपताना उशाशी घेतात, नंबर मार्चपर्यंत बंद पडू द्यायचा नाही म्हणतात. शाळेतून तो नंबर बदलता येईल हे मी त्यांना सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. वहिनी, एवढ्या लांब कशाला आलात, एवढंच म्हटलं. त्या म्हणाल्या, “ते बसायचे ना इथं. पोराला कोनी भायेर काढू नये म्हणून. आता मी बसते.” मी आत मोरीत गेले, नळ सोडला आणि ढसाढसा रडले. बाईंना रडताना पोरानं बघू नये एवढी अक्कल शिल्लक होती.

बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. वर्षभर पोटात ठेवलेलं विचारून टाकलं. ती गुणांची यादी तूच भरलीस ना? तो हो म्हणाला. गजाभाऊ तुला काही बोलले होते?

“बोल्ले व्हते. सतरा टाक, मी बघून घेईन.”

“मग का नाही टाकलेस? मी आकडे बघत नाही, तुला माहीत होतं.”

तो पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. आठवीतल्यासारखाच.

“खाली सही तुमची असते, बाई.”

मी त्याला वर्गाबाहेर काढत होते, आणि तो माझी सही सांभाळत होता. त्या दिवशी मी म्हटलं, वही काढ, आणि त्यानं काढली.

गजाभाऊंच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. ऑफिसातलं काम जयेशच करतो, गुपचूप, कारण बारावी झालेला माणूस मिळेपर्यंत शाळेला दुसरा इलाज नाही. म्हणजे गजाभाऊंना नको होता तो आडोसा आम्हीच त्याला पुन्हा दिला. हे मला कळतं. मुख्याध्यापकांनाही कळतं. इकडे आड, तिकडे विहीर.

परवाच्या रविवारी मी त्याला सराव पेपर दिला. चार तास घड्याळ लावून, दोन्ही भाग मिळून ऐंशी गुणांचा. तपासला, सव्वीस आले. पुन्हा तपासला. एका उदाहरणात उत्तर चुकलं होतं, पण जिथं जिथं गुण देता येत होते तिथं ते मी आधीच दिले होते. आणखी दोनच. पेन हातात होतं. नुसता सराव पेपर, कोण बघणार आहे, कुठं सही करायची आहे? समोर जयेश बसलेला, माझ्या हाताकडे न बघता बघत असलेला. मी पेनाला टोपण लावलं.

“किती आलं, बाई?” पायरीवरून वहिनींनी विचारलं.

“सव्वीस,” मी म्हटलं.

त्यांनी बोटांवर सव्वीसपासून अठ्ठावीसपर्यंत मोजलं. मग फोनची पिशवी मांडीवर नीट घेतली, पाठ भिंतीला टेकली आणि दाराच्या मधोमध सरकून बसल्या.