मीच म्हणालो, नुसता दगड हाय

मंडळी, आज सकाळी सांगवीच्या आमच्या रानात फुटबॉल क्लबच्या स्टेडियमची आखणी झाली.

बांधाजवळ बायकोला अग्नी दिला, तिथं तिच्या समाधीचा दगड आहे. मोजणीच्या दिवशी, जमीन विकायचा व्यवहार मोडेल या धास्तीनं मी क्लबच्या साहेबांना म्हणालो होतो, "नुसता दगड हाय."

आज मुकादमानं त्या दगडाभोवती पांढऱ्या फक्कीनं चौकोन आखला.

"हितं काय येणार?"

"संडास, आबा. मॅच बघायला येणाऱ्यांसाठी."

मी मुलाला बाजूला घेतलं. "तुझी आई हाय तितं. सांग की त्यांना."

तो हसला. "आता दगडाची आई झाली व्हय? तुमीच सांगितलंय."

उद्या जेसीबी येतोय. बायकोला दगड म्हणणाऱ्याचं कोण ऐकेल, सांगा.