झाडाला टांगलेली पिशवी

इथले भुताखेतांचे अनुभव मी नेमाने वाचतो, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना मनातल्या मनात लाल शाईने शून्य मार्क देतो. सवय आहे. उभा जन्म हायस्कूलात विज्ञान शिकवण्यात गेला... भूत, करणी, अंगात येणं – वर्गात कुणी असलं काही बोललं की मी त्याला फळ्याजवळ उभा करून पुरावा मागायचो. आता माझ्याकडेच पुरावा नाही. तेव्हा मला शून्य द्यायला तुम्ही मोकळे आहात.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. आमचं गाव कराडपासून एसटीने अर्ध्या तासावर, कृष्णेच्या काठी. वडील फौजेत होते. मी शाळेत असतानाच ते सरहद्दीवर गेले. तार आली, माणूस आला नाही. ऊस आणि आम्ही तीन भावंडं, सगळं आईने एकटीने सांभाळलं. मी थोरला. सांगलीकडच्या मेडिकल कॉलेजात मला ॲडमिशन मिळाली तेव्हा आमच्या गावात तोवर साधा कंपाउंडरसुद्धा कुणी झालेला नव्हता. आई बांधावरनं जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून सांगायची, "माजं थोरलं डाक्टर हुतंय." मलाही दुसरं काहीच व्हायचं नव्हतं.

पहिल्या वर्षाचा मोठा डोंगर म्हणजे ॲनाटॉमी. त्या काळी अभ्यासाला हाडं खरीच असायची, माणसाची. सीनियर पास होऊन वर सरकला की आपला हाडांचा सेट खालच्या पोराला देऊन टाकायचा, अशी पद्धत होती. मला तो मगदूमने दिला. हा मिरजेच्या बाजूच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा, अंगाने आडवा आणि मनाने लोण्यासारखा. देताना म्हणाला, "जपून ने रं गड्या. आमच्या घरात अंडं चालत न्हाई, तर हे कुठं ठिवू? मळ्यातल्या खोपीत लपवून अभ्यास केला मी."

तोंडी परीक्षेत एक प्रकार असायचा. काळ्या कापडी पिशवीत एक हाड घातलेलं असायचं. न बघता आत हात घालायचा आणि कुठलं हाड, डाव्या अंगाचं की उजव्या, ते नुसतं चाचपून सांगायचं. भल्याभल्यांची त्यात दांडी उडायची. मी मात्र त्यात वस्ताद होतो – फुशारकी वाटेल, पण होतो. मनगटातली खड्यांएवढी हाडंसुद्धा मी डोळे मिटून ओळखायचो. होस्टेलवरची पोरं पैजा लावायची माझ्यावर. लेखी पेपरात जेमतेम असलो तरी या पिशवीवर मी तरून जाणार, याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत सेट घेऊन गावी आलो. माणसाची हाडं घरात नेली तर आईला चालणार नाही, एवढं कळत होतं. म्हणून हाडं पांढऱ्या कापडी पिशवीत घालून पिशवी घरामागच्या परड्यातल्या जांभळीच्या फांदीला टांगून ठेवली. दुपारी तिथेच खाली बसून अभ्यास करायचो आणि परत टांगायचो. आईला म्हटलं, "त्या पिशवीला हात लावू नको, माझ्या कामाचं आहे." झालं, एवढंच बोललो. भाऊबीजेला बहिणीकडे साताऱ्याला गेलो आणि दोन-तीन दिवस तिथेच रमलो.

परत आलो तर फांदी मोकळी.

आई चुलीपुढे भाकरी थापत होती. पिशवी कुठाय म्हणून विचारलं, तर हात न थांबवता म्हणाली, "पोचवली की."

"कुठं?"

"कराडला, संगमावर. नाना आला हुता संगट."

नाना म्हणजे माझे चुलते. आता कळतं, तिचं काय चुकलं? आमच्याकडे कुणाच्या अस्थी नदीत सोडायच्या राहिल्या असल्या तर त्या घरात आणत नाहीत, कापडात बांधून बाहेर झाडाला टांगतात. पोरगं कॉलेजातनं येतं, कापडात बांधलेली हाडं झाडाला टांगतं, त्याच्याखाली तासन्‌तास मान खाली घालून बसतं आणि हात लावू नको म्हणतं... तिने दुसरं काय समजावं?

"तुजा कुणी जोडीदार आसंल म्हटलं," आई म्हणाली. "तू बोलला न्हाईस, म्हटलं जिवाला लागलं आसंल. आत हात घालून बघितलं तर हाडावर लाल खुणा. कुणीतरी कुकू लावलं हुतं त्येला."

त्या खुणा मगदूमच्या. कुठला स्नायू कुठे चिकटतो ते लक्षात राहावं म्हणून लाल-निळ्या पेन्सिलीने केलेल्या.

"भाताचा मुटका ठिवला," ती म्हणाली. "कावळा लगोलग शिवला बग. तुज्या बाचं तर माज्या हाताला कायच लागलं न्हाई. ह्येचं तरी नीट झालं. त्येचा आशीर्वाद लागंल तुला."

मी हात धुतले. भाकरी खाल्ली.

होस्टेलवर मगदूमला सांगितलं तर तो आधी पोट धरून हसला. मग "जाऊ दे," म्हणाला, "कुणाचं तरी भलं झालं." त्यानेच इकडून तिकडून माझ्यासाठी हाडं जमवली. त्यातलं दंडाचं हाड मी उचललं... आणि खाली टाकलं.

हाताला हाड लागलंच नव्हतं. पाणी लागलं होतं. थंड, वाहतं, बोटांच्या फटीतनं जाणारं पाणी. हात कोरडा ठणठणीत. परत उचललं. डोळ्यांना हाड दिसतंय, बोटं त्याच्याभोवती वळलीत, आणि तळव्याला नुसती नदी लागतेय.

मगदूमला वाटलं मी चेष्टा करतोय. मग तो चिडला. दुपारच्या उजेडात, खिडकीपाशी बसवून, त्याने माझ्या डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि हातात एकेक वस्तू देत गेला. खडू – ओळखला. पेन – ओळखलं. मेसमधनं कुणाकडून तरी आणवलेलं बोकडाचं हाड – तेही ओळखलं, शेळीचं की बोकडाचं एवढंच विचारू नको म्हणालो. मग बराच वेळ काहीच नाही. नुसतं पाणी.

"दे की," मी म्हणालो.

"कवाचं दिलंय रं," मगदूम म्हणाला. त्याचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

टॉवेल सोडला तर मांडीचं हाड माझ्या दोन्ही हातांत आडवं होतं.

आमच्याच एका सरांनी मला तपासलं. टाचणी टोचली, कापूस फिरवला, गरम-थंड लावलं. नसा उत्तम. जिवंत माणसाच्या कातडीखालची हाडं मला व्यवस्थित लागायची. सर म्हणाले, परीक्षेचं टेन्शन आहे, झोप घे. मी झोप घेतली. फरक पडला नाही.

परीक्षेत ती काळी पिशवी पुढे आली. हात घातला. गार पाणी, ओढ असलेलं, पावसाळ्यानंतर संगमाला असते तशी. पाणी लागतंय असं सांगायची सोय नव्हती, म्हणून म्हणालो, "सर, पिशवी रिकामी आहे." परीक्षक भला माणूस होता. म्हणाला, परत बघ. मी परत बघितलं आणि तेच सांगितलं. त्याने पिशवी टेबलावर उलटी केली. गुडघ्याची वाटी ठक्कन पडली आणि घरंगळत माझ्यापुढे आली.

तिच्याकडे बघून नाव, बाजू, सगळं सांगता आलं असतं. पण बघून सांगायची ती परीक्षा नव्हती. पुढच्या वेळीही तेच. त्यापुढच्या वेळी तर मी पिशवीत हात घालायलाच घाबरलो. दर वेळी नापास होऊन घरी आलो की आई म्हणायची, "हुईल रं. संगमावर पोचवला त्यो बसलाय वर तुज्यासाठी." तिला खरं सांगायचं मनात यायचं. पण सांगून तिच्या हातनं झालेलं एक चांगलं काम मी काढून घ्यायचं का? नाही सांगितलं. मेडिकल सोडलं, बी.एस्सी. झालो, बी.एड. झालो आणि मास्तर झालो. वर्गात प्लॅस्टिकचा सांगाडा दाखवून पोरांना मनगटाची हाडं शिकवली. प्लॅस्टिक हाताला लागायचं, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. आईने त्यानंतर बांधावर कुणाला थांबवल्याचं मला आठवत नाही.

तेच दशक संपता संपता आई गेली. काविळीने, चार दिवसांत. गावात तेव्हाही डॉक्टर नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी राख सावडायला गेलो. नानांनी दूध-पाणी शिंपडलं, पाटी पुढे सरकवली आणि म्हणाले, "थोरला तू. पयला हात तुजा."

मी वाकून राखेत हात घातला. राख लागली. आत अजून ऊब होती, तीही लागली. मी चाचपत राहिलो. इकडे, तिकडे, खाली... माझ्या शेजारी धाकटा भाऊ रडत होता आणि मी नुसता राख उकरत होतो.

"आरं, हातातच हाय की तुज्या," नाना म्हणाले. "टाक पाटीत."

मी बघितलं. माझ्या मुठीत हाड होतं. पांढरं, भाजलेलं. आणि त्या उबदार राखेत माझ्या तळव्यातनं गार पाणी वाहत होतं.

मी ते पाटीत टाकलं असणार, कारण नंतर मूठ रिकामी होती. बाकीचं सगळं भावाने गोळा केलं. मी हात धरून बाजूला उभा राहिलो. लोकांना वाटलं, दुःखाने सुचत नाहीये याला.

याचं स्पष्टीकरण माझ्याजवळ नाही. मेंदूचं काही असेल म्हणणारे भेटले, नदीत सोडलेल्या त्या माणसाचं काही असेल म्हणणारेही भेटले. दोघांचंही मी ऐकून घेतलं. पण वडिलांचं आईच्या हाताला काही लागलं नव्हतं, आणि आईचं माझ्या हातात असून मला लागलं नाही. ती माझ्या मुठीत होती, हे मला नानांनी सांगितलं म्हणूनच कळलं.