काही नाही

मिस्त्रींचा कान ही गॅरेजची शान होती. गाडी दारात थांबायच्या आत ते सांगत, व्हॉल्व्ह वाजतोय. शंका असली तर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. माझं बोलणं कधी असं डोळे मिटून ऐकलंत का, म्हणून बायको चिडवायची. तिला सगळी गल्ली मिस्त्रीणबाई म्हणे.

पण बाजूलाच दिवसभर पत्रा ठोकणं आणि ग्राइंडर. चाळीस वर्षांत त्या कानांची पार वाट लागली.

घरी दर वाक्याला "काय?" सुरू झालं. आधी मिस्त्रीणबाई पुन्हा सांगायची, मग ओरडून सांगायची, मग कंटाळली. शेजारणीची गंमत तिसऱ्यांदा ओरडून सांगितली की त्यात गंमत राहते कुठे? "काय म्हणालीस?" असं त्यांनी विचारलं की ती म्हणे, "काही नाही." त्यात राग नव्हता, निव्वळ आळस होता. जेवा, गोळी घ्या, दार लावा, एवढंच ओरडण्याच्या लायकीचं उरलं. कानाचं मशीन आणलं, ते शिट्टी मारतं म्हणून मिस्त्रींनी कपाटात टाकलं. तिनंही फार नेट लावला नाही. अशी आठ वर्षं गेली.

मग साबण आणायला गेलेले मिस्त्री रिकाम्या हातानं आले. ऐकू आलं नसेल, ती म्हणाली. जावयाला त्यांनी ओळखलं नाही. नाव ऐकू आलं नसेल. बहिरेपणाच्या नावावर सगळं खपून गेलं. एका सकाळी फ्रिज घरघरत होता आणि मिस्त्री त्याला स्क्रूड्रायव्हर लावून उभे होते. मूठ फ्रिजला आणि टोक कानात. तिनं तो हळूच काढून घेतला. तेव्हा कुठे तिचे डोळे उघडले, आणि तिला स्वतःची चीड आली.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. बहिरेपणानं प्रत्येकाची आठवण जातेच असं नाही, पण धोका वाढतो. ऐकू येईना की माणूस चारचौघांतून उठतो, डोक्याला खाद्य मिळत नाही. नवं मशीन लावा, थोडी मदत होईल, गेलेलं परत येईल असं मात्र धरून चालू नका. मिस्त्रीणबाईनं त्यातलं "मदत होईल" तेवढं उचललं.

मशीन बसवून घरी आल्यावर ती त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. साठलेलं सगळं सांगत सुटली: मुलीचं बाळंतपण, गळका नळ, शेजारणीची ती गंमतसुद्धा. हळू आवाजात. आपला आवाज इतका मऊ आहे हे ती स्वतःच विसरली होती. मिस्त्री लक्ष देऊन ऐकत होते.

"तुमचा आवाज अगदी स्पष्ट येतोय," ते म्हणाले.

तिचा जीव भांड्यात पडला. "तुमचा" हा शब्द तिच्या डोक्यात जरा उशिरा शिरला. लग्नापासून ते तिला अगं-तुगंच करत आले होते.

"अहो, मी कोण?" तिनं विचारलं.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले, काहीतरी पुटपुटले. ती पुढे वाकली.

"काय म्हणालात?"

मिस्त्रींनी नजर वळवली.

"काही नाही."