पंखा बंद करणारा

धानोऱ्याच्या बसस्टँडजवळ तो टेप दुरुस्त करतो आणि प्रत्येक अल्बमवर निकाल देतो. एक गझल त्याला थंड वरण वाटली, विलायती गिटार म्हणजे टिनावर दगड. आवडलं तर मात्र बोलत नाही, घरघर नको म्हणून उठून पंखा बंद करतो. कव्वालीला केला होता.

माझ्या बाने गायलेल्या भीमगीतांची कॅसेट मागे लावली, तेव्हा ना तो बोलला, ना पंख्याला हात लावला. तो राग मी धरून होतो.

परवा भर उन्हात तीच कॅसेट त्याच्यापुढे आपटली. "भंगार असंन तर तोंडावर सांग!"

पहिल्याच गाण्याला त्याने पंखा बंद केला.

"मंग तेव्हा काऊन नाई केला?"

"लाईन गेली होती, भाऊ. टेप सेलवर चालू होता. बंद पंखा काय बंद करू?"

मी घाम पुसला. "दुसरी बाजू लाव. पंखा बंदच राहू दे."