सूचीकाकांचा निनावी प्रश्न

एकतीस वर्षं वाचनालयाच्या चौकशी टेबलावर बसलेल्या त्या गृहस्थांना सगळे सूचीकाका म्हणत. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, हे ते सूची न उघडता सांगत. वाचक रांग लावत आणि जाताना म्हणत, "तुम्ही होता म्हणून मिळालं."

मग संगणकावर संदेशांची खिडकी सुरू झाली. वाचक घरबसल्या प्रश्न टाकी आणि पलीकडच्या टेबलावरची तिशीतली सहायिका तिथल्या तिथे उत्तर देई. काका मनातल्या मनात तिला खिडकीवाली म्हणत. तिचा संगणक दिवसभर टुणटुण वाजे आणि दर टुणीला काकांच्या पोटात दुखे. गेल्या महिन्यात टेबलावर एकोणचाळीस प्रश्न, खिडकीत चारशे बारा. सोमवारी ग्रंथपाल साहेब म्हणाले, "काका, टेबल बंद करावं म्हणतो. निवृत्तीपर्यंतचं उरलेलं दीड वर्ष पुस्तकबांधणी विभागात बसा."

"ती संगणकाला विचारते आणि शहाणी ठरते!" काका घरी करवादले.

"अहो, तुम्ही तरी कपाटांनाच विचारत होता ना?" बायको म्हणाली.

शुक्रवारी साहेब खिडकीचं काम बघायला सहायिकेच्या मागे उभे राहिले. काकांनी टेबलाआड फोन धरला आणि नाव न देता प्रश्न पाठवला: मनोऱ्यावरच्या घड्याळांच्या दुरुस्तीवर एखादं जुनं पुस्तक आहे का?

पुस्तक होतं. पण बांधणीवाल्यानं पाठीवर भलताच क्रमांक चिकटवल्यामुळे ते बावीस वर्षं बागकामाच्या कपाटात उभं होतं. काका एवढे टापटिपीचे, पण ही एक चूक त्यांनी मुद्दाम तशीच ठेवली होती. वेळप्रसंगी कामाला येईल म्हणून.

सहायिकेनं दोनदा शोधलं. "हरवलेलं दाखवतंय, साहेब."

काकांना गुदगुल्या झाल्या.

"मग तसं कळवून टाक."

"थांबा, काकांना विचारते. अडलं की मी त्यांनाच विचारते."

"मला? कधी विचारलंस?" काका दचकून म्हणाले.

"चहाच्या वेळी नाही का, काका? परवा नकाशांचं, त्याआधी जुन्या मासिकांचं."

काकांना आठवलं. ही सहज म्हणून विचारी आणि ते फुशारकीनं सांगत. म्हणजे त्या चारशे बारांतली कितीतरी उत्तरं त्यांचीच, आणि 'धन्यवाद मॅडम' मात्र हिला! काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. 'माहीत नाही' म्हटलं की ही साहेबांसमोर तोंडघशी पडणार होती. पण ते दोन शब्द काही केल्या जिभेवर येईनात. एकतीस वर्षांत त्यांची सवयच नव्हती.

"बागकामाचं कपाट. खालून दुसरा खण, डावीकडे," ते पुटपुटले.

सहायिका धावत जाऊन पुस्तक घेऊन आली आणि तिनं उत्तर पाठवलं. साहेब खूश झाले. "टेबल राहू द्या. हिच्या शेजारी लावा. दोघं मिळून खिडकी सांभाळा."

टेबल वाचलं, पण 'मिळून' हा शब्द काकांना दाताखाली खडा यावा तसा लागला. ते तडक स्वच्छतागृहात गेले, कडी लावली आणि टाइप केलं: "उत्तर अचूक आहे. शोधून देणाऱ्याचं नाव कळेल का?"

फोन खिशात टाकून ते बाहेर आले, तर सहायिका लाजून हसत होती.

"काका, बघा ना! वाचक माझं नाव विचारतोय."